थंडरबर्डमध्ये चुकीचा मजकूर, रिकाम्या याद्या आणि अडलेले सिंक : दुरुस्तीच्या नोंदी

मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना संदर्भ राहील. विंडोज ११ चा संगणक, त्यावर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम, त्यात एक आयमॅप खाते (म्हणजे मेल सर्व्हरवर राहतात आणि प्रत्येक यंत्रावर तेच दिसतात; ३८ फोल्डर, सर्व्हरवर सुमारे २१ जीबी) आणि त्याशिवाय 'लोकल फोल्डर्स'मध्ये जुन्या वर्षांचे मेल, जे सर्व्हरवर नाहीत, फक्त या डिस्कवर आहेत. फोनवर तेच खाते चालू आहे आणि घरातल्या दुसऱ्या संगणकावरही मी तेच प्रोफाइल (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग ठेवणारा फोल्डर) अधूनमधून उघडत असे. या शेवटच्या वाक्यातच निम्मे दुखणे होते, पण ते तिसऱ्या दिवशी कळले.

३ मार्च

तीन तक्रारी कागदावर लिहून काढल्या. पहिली, यादीतल्या एका मेलवर क्लिक केले की खाली भलत्याच मेलचा मजकूर दिसतो. एका बैठकीच्या इतिवृत्तावर क्लिक केल्यावर तर नुसती रोमन अक्षरांची आणि आकड्यांची गिचमिड आली, म्हणजे कोणत्या तरी अटॅचमेंटचा मधलाच तुकडा. दुसरी, न वाचलेल्या मेलचा आकडा फोनवर १४ आणि संगणकावर २२. तिसरी, फोनवर सकाळी आलेले मेल संगणकावर दुपारपर्यंत दिसत नाहीत आणि त्या फोल्डरवर क्लिक केले की एकदम धडाधड उतरतात.

खाते ब्राउझरमध्ये उघडून पाहिले. तिथले सर्व मेल जागच्या जागी होते आणि मजकूरही बरोबर होता. एवढ्यावरून सर्व्हरवरचे मेल सुखरूप आहेत, बिघाड आपल्याच संगणकावर आहे आणि घाई करण्याचे काही कारण नाही, हे मला समजायला हवे होते. मी मात्र तिन्ही तक्रारी एकाच आजाराची लक्षणे मानली.

४ मार्च

हा दिवस पूर्ण वाया गेला. खाते काढून पुन्हा जोडले की सगळे ताजे उतरेल, या समजुतीने खाते काढले. काढताना थंडरबर्ड दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारते : खात्याची माहिती काढायची का, आणि मेलचा डेटाही काढायचा का. मी दोन्हीवर खूण केली. त्या खात्यासाठी लिहिलेले गाळणीचे नियम, म्हणजे फिल्टर, त्याच खात्याच्या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये साठवलेले असतात. डेटाबरोबर तीही फाइल गेली. सत्तावीस नियम होते. त्यांची प्रत कुठेही नव्हती.

मग २१ जीबी पुन्हा उतरवणे आले. नऊ तास लागले आणि संध्याकाळी पाहतो तो पहिली तक्रार जशीच्या तशी. कारण शोधायला गेलो तेव्हा लक्षात आले की भलताच मजकूर दाखवणारे सगळे मेल 'लोकल फोल्डर्स'मधले होते. त्यांचा आयमॅप खात्याशी संबंधच नव्हता, त्यामुळे खाते दहा वेळा जोडले असते तरी त्यात फरक पडला नसता. तक्रार कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि कोणत्या फोल्डरमध्ये नाही, हे पाहायला पाच मिनिटे पुरली असती.

५ मार्च

आज काहीही बदलण्याआधी बॅकअप घेतला. थंडरबर्डच्या मदतीच्या मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे. तिथून प्रोफाइलचा फोल्डर उघडता येतो. तो उघडून जागा टिपून ठेवली, प्रोग्राम बंद केला, तो खरोखर बंद झाला आहे याची टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रामांच्या यादीत) खात्री केली आणि मगच अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवला. प्रोग्राम चालू असताना घेतलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये, कारण त्या वेळी निम्म्या फाइली अर्धवट लिहिलेल्या असू शकतात.

प्रत होत असताना फाइलींच्या नावांवर नजर गेली आणि खरा गुन्हेगार सापडला. एकाच फोल्डरच्या फाइलीला जोडून तिची दुसरी आवृत्ती होती आणि नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' (दोन ठिकाणचे बदल जुळले नाहीत की ठेवली जाणारी वेगळी प्रत) असे लिहिलेले होते. आठ महिन्यांपूर्वी, बॅकअप आपोआप होत राहावा म्हणून, मी प्रोफाइल उचलून क्लाउडशी (इंटरनेटवरच्या साठवणीशी) सिंक होणाऱ्या, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारख्या ठेवल्या जाणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवले होते, आणि दुसऱ्या संगणकावरही तोच फोल्डर सिंक होत होता. स्वतःच्या हुशारीवर तेव्हा मी खूश होतो.

यात नेमके काय बिघडते ते सांगतो, कारण पुढच्या सगळ्या दुरुस्तीचा आधार तोच आहे. थंडरबर्डच्या नेहमीच्या साठवणीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक मजकुराच्या फाइलीत, एकाखाली एक, लिहिलेले असतात. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात आणि त्या फाइलीच्या नावाला शेपूट (टिंबापुढची प्रकार सांगणारी अक्षरे) नसते. तिच्या शेजारी त्याच नावाची, पण 'एमएसएफ' शेपटाची एक लहान फाइल असते आणि ती अनुक्रमणिकेचे काम करते : कोणता विषय, कोणाकडून, कोणत्या तारखेचा, वाचला की नाही आणि मोठ्या फाइलीत तो मेल कितव्या बाइटपासून (बाइट हे फाइलीच्या लांबीचे माप) सुरू होतो. यादीत आपल्याला दिसते ती अनुक्रमणिका. क्लिक केल्यावर दिसतो तो मोठ्या फाइलीतला त्या बाइटपासूनचा मजकूर. आता क्लाउडने एका संगणकावरची अनुक्रमणिका आणि दुसऱ्या संगणकावरची मोठी फाइल एकत्र आणून ठेवली, तर यादी बरोबर दिसते, पण प्रत्येक पान सरकलेले असते. इतिवृत्ताच्या जागी अटॅचमेंटचा तुकडा दिसला तो यामुळेच.

६ मार्च

प्रोफाइल क्लाउडच्या फोल्डरमधून बाहेर काढायचे काम. आधी क्लाउडचा सिंक थांबवला, मग प्रोफाइल साध्या फोल्डरमध्ये उतरवले आणि थंडरबर्डला नवी जागा प्रोफाइल मॅनेजरमधून दाखवली. इथे एक घाबरवणारा अर्धा तास गेला : प्रोग्राम उघडला तो एकदम कोरा, खाते नाही, फोल्डर नाहीत, नवे खाते जोडण्याचे स्वागत तेवढे समोर. त्याने नवी जागा न घेता स्वतःचे कोरे प्रोफाइल उघडले होते. प्रोफाइल मॅनेजरमध्ये जाऊन जुने प्रोफाइल 'डिफॉल्ट' केल्यावर सगळे परत आले. असे झाल्यास त्या कोऱ्या विंडोत खाते जोडायला सुरुवात करू नये. एका बिघाडाची दोन प्रोफाइले होतात आणि गोंधळ दुप्पट होतो.

मग प्रश्न आला की दोन आवृत्त्यांपैकी खरी कोणती. एक फाइल २.९ जीबीची होती, दुसरी ३.१ जीबीची, आणि मी मोठीलाच पुरी समजत होतो. ते चूक ठरले. नोटपॅड एवढ्या फाइलीपुढे गोठून बसला, म्हणून मोठ्या फाइली तुकड्या-तुकड्याने उघडणारा एडिटर घेऊन आत डोकावलो. प्रत्येक मेलची सुरुवात 'फ्रॉम' शब्द, एक आडवी रेघ आणि तारीख अशा ओळीने होते; तिच्या लगेच खाली 'एक्स-मोझिला-स्टेटस' नावाची ओळ आणि तिच्यापुढे चार आकडे असतात. ०००१ म्हणजे वाचलेला मेल. ०००९ म्हणजे वाचलेला आणि काढून टाकलेला, कारण त्यात 'काढला' या खुणेचे ८ मिळवलेले असतात. मोठ्या फाइलीत असे ०००९ ओळीने दिसत होते. थंडरबर्डमध्ये डिलीट केलेला मेल एमबॉक्समधून लगेच पुसला जात नाही, त्याला फक्त खूण होते. 'कॉम्पॅक्ट' केले की तो खरोखर जातो. मोठी फाइल मोठी होती ती या न पुसलेल्या मेलमुळे. सर्वांत शेवटचा मेल लहान फाइलीत होता.

याच ओघात एक प्रयोग केला. बॅकअपमधल्या प्रतीवर एका मेलच्या ०००९ चे ०००१ केले, फाइल तशीच जतन केली आणि तिची एमएसएफ काढून टाकून फोल्डर उघडला. मागच्या वर्षी चुकून डिलीट केलेला एक करार यादीत परत दिसला. कॉम्पॅक्ट झालेले नसेल, तर डिलीट झालेला मेल असा मिळू शकतो. त्यामुळे चुकून काही काढले तर सर्वांत आधी कॉम्पॅक्ट करणे टाळावे.

८ मार्च

दोन्ही आवृत्त्या राखून ठेवायचे ठरवले. 'कॉन्फ्लिक्टेड' फाइलीचे नाव साधे केले, शेपूट काढले आणि ती लोकल फोल्डर्सच्या जागेत, प्रोग्राम बंद असताना, ठेवली. थंडरबर्ड सुरू झाल्यावर ती आपोआप नवा फोल्डर म्हणून दिसते, वेगळे 'इम्पोर्ट' करावे लागत नाही. मग जुन्या सगळ्या एमएसएफ फाइली काढल्या (फक्त एमएसएफ, शेपूट नसलेल्या फाइलीला हात लावला तर मेलच जातील) आणि प्रोग्रामला नव्या तयार करू दिल्या. एकच फोल्डर बिघडलेला असेल तर एवढे करायची गरज नाही. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर' हेच काम करते. तीन जीबीच्या फोल्डरला चार मिनिटे लागली. इतिवृत्तावर क्लिक केले आणि इतिवृत्तच उघडले.

दोन फोल्डरांतले दुहेरी मेल एका ॲड-ऑनच्या (थंडरबर्डला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) मदतीने काढले. जुळणी विषय किंवा तारखेवरून न लावता मेसेज-आयडीवरून (प्रत्येक मेलच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून) लावली, कारण एकाच विषयाचे, एकाच दिवसाचे वेगवेगळे मेल भरपूर असतात.

एमएसएफ काढण्याची किंमत आधी माहीत नव्हती : प्रत्येक फोल्डरच्या रकान्यांची मांडणी आणि क्रमवारी त्याच फाइलीत असते, त्यामुळे सगळे फोल्डर मूळ मांडणीवर गेले. एक फोल्डर नीट लावून घ्यावा आणि रकान्यांच्या उजव्या टोकाच्या बटणातून 'अप्लाय कॉलम्स' निवडून तीच मांडणी उपफोल्डरांसकट लागू करावी. हे कळेपर्यंत मी अकरा फोल्डर हाताने लावून बसलो होतो.

एक फोल्डर मात्र पूर्ण रिकामा राहिला. त्याची मोठी फाइल शून्य बाइटची होती. अँटिव्हायरसच्या 'क्वारंटाइन'मध्ये (संशयित फाइली वेगळ्या ठेवायच्या जागेत) ती सापडली; एका जुन्या अटॅचमेंटवर त्याला संशय आला होता, पण त्याच्या लेखी सगळा फोल्डर म्हणजे एकच फाइल, म्हणून त्याने संशयित मेलबरोबर बाकीचे सहाशे मेलही उचलून नेले. फाइल परत मिळवली, तो एक मेल काढून टाकला, कॉम्पॅक्ट केले आणि प्रोफाइलचा फोल्डर तपासणीतून वगळला. अटॅचमेंट उघडताना किंवा जतन करताना तपासणी होतच राहते.

१० मार्च

आता तिसरी तक्रार, उशिरा येणारे मेल. माझ्या सर्व्हरवर नियम आहेत आणि ते बरेचसे मेल आल्या आल्या उपफोल्डरांत टाकतात. थंडरबर्ड आपण होऊन नवे मेल इनबॉक्समध्येच पाहते; इतर फोल्डर त्यावर क्लिक करेपर्यंत ताजे होत नाहीत. बिघाड नव्हताच. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये नवे मेल पाहताना हा फोल्डरही तपासावा, अशी एक चौकट आहे, तिच्यावर खूण करायची.

अडतीस फोल्डरांवर खुणा कोण करणार, म्हणून मी 'कॉन्फिग एडिटर'मधून (थंडरबर्डच्या आतल्या सेटिंगांच्या यादीतून) सर्व फोल्डर तपासण्याची सेटिंग 'ट्रू', म्हणजे चालू, केली. तासाभरात सर्व्हर जोडणी नाकारू लागला. थंडरबर्ड एका आयमॅप खात्यासाठी मूळ सेटिंगप्रमाणे पाचपर्यंत जोडण्या उघड्या ठेवते, दुसऱ्या संगणकाच्या तेवढ्याच, फोनच्या वेगळ्या. आणि बहुतेक सर्व्हर एका खात्याच्या एकाच वेळच्या जोडण्यांना मर्यादा घालतात. सगळे फोल्डर सतत तपासायला लावल्यावर ती मर्यादा ओलांडली गेली. पासवर्ड चुकला असावा असे वाटून मी तो दोनदा बदललाही, त्यात फोन आणि दुसरा संगणक दोन्ही बाहेर फेकले गेले. शेवटी ती सेटिंग मूळपदावर आणली, सर्व्हरच्या प्रगत सेटिंगमध्ये जोडण्या पाचावरून तीनवर आणल्या आणि ज्यांची खरोखर घाई असते त्या सहा फोल्डरांवर हाताने खुणा केल्या. तेव्हापासून एकही नकार आलेला नाही.

१२ मार्च

न वाचलेल्या मेलच्या आकड्यावर दोन तास घालवले आणि निष्पन्न असे की दोन्ही आकडे बरोबर होते. फोनवरचे ॲप संभाषणे मोजते, थंडरबर्ड सुटे मेल मोजते. एका संभाषणात न वाचलेली पाच उत्तरे असली तर तिकडे १ आणि इकडे ५.

याच दिवशी एक फोल्डर एकदम रिकामा दिसला आणि पुन्हा छातीत धस्स झाले. वर 'क्विक फिल्टर'मधले 'न वाचलेले' बटण दाबलेले राहिले होते, शिवाय त्या पट्टीतली टाचणीही लावलेली होती. टाचणी लावली की गाळणी फोल्डर बदलला तरी कायम राहते. फोल्डर रिकामा दिसला की दुरुस्तीला लागण्यापूर्वी ती पट्टी पाहावी.

'पाठवलेले' फोल्डर दोन होते : फोनवरून गेलेले मेल एकात, संगणकावरून गेलेले दुसऱ्यात. खात्याच्या सेटिंगमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' इथे पाठवलेल्या मेलची प्रत कुठे जावी ते निवडता येते. तिथे सर्व्हरचा खरा फोल्डर निवडला, दुसऱ्यातले मेल शंभर-शंभरच्या गटाने त्यात हलवले आणि रिकामा झालेला फोल्डर काढला. गट लहान ठेवले, कारण पहिल्यांदा चार हजार एकदम ओढले होते आणि निम्म्यावर जोडणी तुटल्यावर कोणते गेले आणि कोणते राहिले हे मोजत बसावे लागले.

१४ मार्च

मराठी मेल नीट न दिसण्याची जुनी तक्रार आता हातासरशी घेतली. मला वाटत होते की फॉन्ट बदलला की झाले. प्रत्यक्षात चार वेगळे प्रकार निघाले आणि दिसण्यावरूनच ते ओळखता येतात.

चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. सेटिंगमध्ये भाषा आणि फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड' विंडोत वर लिपी निवडायची असते. तिथे 'देवनागरी' निवडून 'निर्मला यूआय' दिला. त्याच जागी देवनागरीचा आकार रोमनपेक्षा स्वतंत्र ठरवता येतो, हे मला आजवर ठाऊक नव्हते आणि मी इतकी वर्षे मान पुढे काढून वाचत आलो.

एकेका अक्षराऐवजी तीन-तीन विचित्र चिन्हे दिसत असतील, आणि त्यांतले पहिले बहुतेक वेळा डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन लहान 'ए' असेल, तर मजकूर युनिकोडच (सर्व लिप्यांसाठीची प्रमाण पद्धत) आहे पण एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याची रीत, चुकीचे वाचले जात आहे. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पाश्चात्त्य एन्कोडिंग त्या तीन बाइटांना तीन अक्षरे समजते. पाठवणाऱ्या प्रोग्रामने मेलच्या शीर्षभागात एन्कोडिंग लिहिलेलेच नसते. मेल उघडून 'व्ह्यू' मेनूतले 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबले की मजकूर जागेवर येतो. माझ्याकडे असे मेल एकाच ठिकाणाहून येत होते. त्यांना कळवले आहे.

सलग प्रश्नचिन्हे दिसत असतील तर पाठवतानाच अक्षरे गेलेली असतात. 'व्ह्यू सोर्स'मध्येही प्रश्नचिन्हेच असतील तर त्यावर वेळ घालवू नये. मी पाऊण तास घालवला.

चौथा प्रकार रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांच्या अर्थहीन ओळी. हे युनिकोडपूर्व काळातले, कृतिदेव किंवा तशाच फॉन्टमध्ये टाइप केलेले मेल. यात एन्कोडिंग बिघडलेले नसते. फाइलीत खरोखर रोमन अक्षरेच असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. मजकूर त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. एका मेलवर करून पाहिले. जोडाक्षरे आणि रफार तीन-चार ठिकाणी चुकले, ते हाताने सुधारले.

१७ मार्च

शोध अजून जुनेच निकाल देत होता आणि निकालावर क्लिक केले की 'मेल सापडत नाही'. शोधाची अनुक्रमणिका एमएसएफपेक्षा वेगळी, प्रोफाइलमधल्या 'ग्लोबल-मेसेजेस-डीबी' नावाच्या एका एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइलीत असते. प्रोग्राम बंद करून ती काढली. ती रात्रभर पुन्हा बनत राहिली आणि तेवढ्या वेळात संगणक संथ चालला. हे काम रात्रीच लावावे.

वाचनाचा भाग मध्येच काळा पडत होता, तो हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र रंगवायला ग्राफिक्स चिप वापरण्याची सोय) बंद केल्यावर थांबला.

१९ मार्च

दुसऱ्या संगणकावर स्वतंत्र प्रोफाइल केले. आयमॅप खाते तिथे वेगळे जोडले, लोकल फोल्डर्स तिथे नाहीत. क्लाउडमध्ये आता प्रोफाइल जात नाही; दर रविवारी प्रोग्राम बंद करून त्याची झिप केलेली प्रत तेवढी जाते. आज मुद्दाम एक प्रत वेगळ्या जागी उघडून, तिच्यातला इतिवृत्ताचा मेल वाचून पाहिला.

वेळेचा हिशेब : एकूण सुमारे एकतीस तास, त्यांतले नऊ ४ मार्चच्या निष्फळ डाउनलोडचे. सत्तावीस फिल्टरांपैकी आठवले तेवढे अकरा पुन्हा लिहिले, आणि या वेळी ते सर्व्हरवरच लिहिले, म्हणजे फोनलाही लागू होतात. जुन्या फॉन्टमधले साठएक मेल बाकी आहेत. त्यांतले पाच-सहाच कामाचे दिसतात, तेवढेच बदलून घेईन. बाहेरच्या डिस्कवरची ५ मार्चची प्रत महिनाभर तशीच ठेवणार आहे.